शरीराचा तोल आणि आपली ड्यूटी

(मारतहळ्ळी, बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या रविवारच्या बैठकीत केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही तिघे निवृत्त कामगार आहोत. एकाने रुळावर कीमन म्हणून पायपीट केली, एकाने आरएमएसमध्ये रात्री जागून टपालाचे सॉर्टिंग केले आणि एकाने रेल्वे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवीच्या तपासण्या करण्यात सगळी नोकरी काढली. बोलणारा एक दिसत असला तरी बोलणे तिघांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. जे वाचले, जे डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे स्वतः भोगले, तेवढेच सांगणार आहोत.

मारतहळ्ळीला मराठीत भाषण करायचे म्हटल्यावर काहींना गंमत वाटली. गावाच्या नावाबद्दल इथे दोन गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणते ही मराठ्यांची हळ्ळी. कोणी म्हणते, शेजारच्या एचएएलच्या कारखान्यात बनलेल्या आणि १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या 'मारुत' विमानावरून हे नाव पडले. आपल्या आजच्या विषयाला दुसरी गोष्ट जास्त सोयीची आहे. कारण इथून जुन्या विमानतळ रस्त्याने शहराकडे निघालात की थोड्याच अंतरावर, विमानपुऱ्यात, हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन लागते. १९५७ साली ती सुरू झाली. विमान चालवणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होते, त्याचे रक्त कुठे धावते, त्याचे डोके कधी गरगरते, याचा अभ्यास तिथे होतो. मोठ्या फिरत्या यंत्राच्या टोकाला माणसाला बसवून गरगर फिरवतात आणि त्याचे शरीर किती सोसते ते पाहतात. गगनयानासाठी अंतराळवीरांची पहिली निवड २०१९ साली तिथेच झाली.

आम्हाला त्या संस्थेबद्दल आदर आहे. पण एक प्रश्न मनात येतो. वैमानिकाच्या शरीराचा तोल कसा राहतो यासाठी सरकारने १९५७ सालीच संस्था काढली, तशी काळजी मे महिन्यात खडीवर उभ्या असलेल्या गँगमनच्या शरीराची कोणी केली? दोघांचे हृदय सारखेच, रक्तही सारखेच पाच लिटर.

आता मूळ विषयाकडे येऊ. आपल्यापैकी बरेच जण उद्यान एक्स्प्रेसने गावी जातात-येतात. मे महिन्यातला तो प्रवास आठवा. सकाळी मुंबई सुटते तेव्हा हवा दमट, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. घाट चढून पुणे येते. दौंड ओलांडले की झळा सुरू होतात, आणि सोलापूरपर्यंत साध्या डब्याची पत्र्याची भिंत हात लावू देत नाही. बाहेर पारा चाळिशीच्या पलीकडे. रात्री वाडी, गुंतकल मागे पडते आणि पहाटे बंगळूरच्या अलीकडे अंगावर चादर ओढावीशी वाटते. एका दिवस-रात्रीत बाहेरची हवा वीस अंशांनी वर-खाली झाली. पण या सगळ्या प्रवासात तुमच्या पोटातले, छातीतले, मेंदूतले तापमान किती बदलले? ३७ अंशांच्या आसपास अर्धा-एक अंश. बस्स.

हे आपोआप होत नाही. तुम्ही खिडकीशी डुलक्या घेत होता तेव्हा शरीर एकसारखे काम करत होते. कातडीकडे जास्त रक्त पाठवत होते, घाम गाळत होते, लघवी घट्ट करून पाणी वाचवत होते आणि पहाटे गारवा लागताच कातडीचे रक्त पुन्हा आत ओढून घेत होते. शरीरशास्त्रात याला समस्थिती म्हणतात. शरीराच्या आत एक वातावरण असते आणि ते कायम राखणे ही जगण्याची अट आहे, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. पुढे १९२६ च्या सुमारास वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. आपल्याकडे वात-पित्त-कफाच्या तोलाची भाषा घराघरात आहे. ती आजीच्या तोंडून ऐकलेली असल्याने 'तोल' हा शब्द आपल्याला परका नाही. पण इथे ज्या तोलाविषयी बोलतो आहोत तो थर्मामीटरने, रक्तदाबाच्या यंत्राने आणि प्रयोगशाळेत मोजता येतो.

डिझेल शेडमधल्या साथींना हे चटकन कळेल. डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. ड्रायव्हरने नॉच लावली की त्या नॉचचे जे फेरे ठरलेले आहेत ते राखणे हे गव्हर्नरचे काम. चढ लागला, लोड वाढला, फेरे कमी होऊ लागले की तो इंधन वाढवतो. उतार आला की कमी करतो. सतत मोजायचे, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे आणि फरक दिसला की उलट दिशेने जोर लावायचा. शरीरात असे गव्हर्नर कितीतरी आहेत. तापमानाचा मेंदूच्या तळाशी आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. रक्तदाबाचा मापक मानेतल्या धमनीत आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत आहे. रक्तातली साखर स्वादुपिंड सांभाळते, पाणी आणि मीठ मूत्रपिंडे सांभाळतात, प्राणवायूची आवक आणि कार्बन डायऑक्साइडची जावक फुप्फुसे पाहतात. २०६ हाडांचा सांगाडा, त्यावर स्नायू, वर कातडी. ही बाहेरची चौकट आपल्याला दिसते. आतले हे सांभाळणारे खाते दिसत नाही.

या खात्यांचे एकमेकांशी बोलणे दोन मार्गांनी चालते, आणि दोन्ही मार्ग टपालवाल्यांच्या ओळखीचे आहेत. एक तारेचा. मज्जातंतूंतून निघालेला संदेश नेमक्या एका ठिकाणी जातो, आणि सर्वांत वेगवान तंतूंत त्याचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या घरात असतो. चटका बसताच हात मागे येतो तो यामुळे. दुसरा मार्ग टपालाचा. ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात, त्याला संप्रेरक म्हणतात. तो रक्ताबरोबर घरोघर फिरतो, पण ज्या पेशीवर त्याचा पत्ता लिहिलेला असतो तीच त्याची दखल घेते. तो सावकाश पोहोचतो आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली. शरीराने मात्र आपली दोन्ही खाती अजून चालू ठेवली आहेत, त्यात कपात केलेली नाही.

आता उन्हाची गोष्ट. ती आमच्यातल्या कीमनने डोळ्यांनी पाहिलेली आहे. कोणता विभाग, कोणते वर्ष, ते सांगत नाही. गँगमधला एक तरुण बहिणीच्या लग्नासाठी वीस दिवसांची रजा घेऊन गावी गेला होता. परत आला तो मे महिन्याच्या मध्यावर. पहिल्या दिवशी पूर्ण काम, दुसऱ्या दिवशीही पूर्ण काम, कारण गँगमध्ये माणसे कमी होती. दुसऱ्या दिवशी बाराच्या पुढे तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मुकादमाला 'मामा' म्हणणारा पोरगा त्याला ओळखेना. दोघे-तिघे हसले, त्यांना वाटले थट्टा करतो आहे. मग तो रुळाच्या कडेला बसला आणि आडवा झाला. अंगावर घाम होता, म्हणून कोणाला उष्माघाताची शंका आली नाही. मुकादम जुना माणूस. त्याने गाडीची वाट न पाहता त्याला गेट-केबिनच्या सावलीत ओढले, कपडे सैल केले, पिण्याच्या पाण्याचे होते तेवढे कॅन त्याच्या अंगावर ओतले आणि दोघांना फडक्यांनी वारा घालायला लावले. पोरगा वाचला. नंतर पिण्याचे पाणी अंगावर का ओतले म्हणून मुकादमाला बोलणी खावी लागली, हेही आम्हाला आठवते.

मुकादमाला शास्त्र माहीत नव्हते, पण त्याने केले ते शास्त्राला धरून होते. कसे ते पाहा. स्नायू काम करतात तेव्हा अन्नातल्या शक्तीचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. नुसता बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता टाकत असतो. घण मारणारा, स्लीपर उचलणारा माणूस त्याच्या कितीतरी पट. बाहेरची हवा कातडीपेक्षा थंड असेल तर ही उष्णता तशीच निघून जाते. हवा चाळिशीच्या वर गेली की उलट बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग उरतो एकच मार्ग, घाम. आणि घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही उष्णता साठ किलोच्या माणसाच्या अंगातच राहिली असती तर त्याचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढले असते. म्हणजे तो लिटरभर घाम म्हणजे जीव आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. म्हणून ३५ अंशांची मुंबई कधी कधी ४१ अंशांच्या सोलापुरापेक्षा जास्त घातक ठरते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. ती माणसे घण मारत नव्हती, बसलेली होती.

दुसरा मुद्दा रजेचा. शरीर उन्हाला सरावते. सात ते चौदा दिवस रोज थोडे थोडे उन्हात काम केले की घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते, कारण शरीर मीठ राखायला शिकते. पण हा सराव दोन-तीन आठवडे काम सुटले की ओसरतो. तो पोरगा वीस दिवस मांडवाच्या सावलीत होता. त्याच्या शरीराने सराव मोडीत काढला होता आणि आपण त्याला पहिल्याच दिवशी पुरे काम दिले. उष्माघाताचे बळी बहुतेक करून कामावरच्या पहिल्या काही दिवसांतले असतात, ते याचमुळे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की रजेवरून आलेल्या जुन्या कामगाराला उन्हात पहिल्या दिवशी निम्मे काम द्यावे, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण. नवा भरती झालेला असेल तर पहिल्या दिवशी फक्त २० टक्के. हे आकडे लिहून घ्या. मागणीपत्रात घालता येतात.

आणखी एक गैरसमज. ताप आणि उष्माघात एक नव्हे. ताप येतो तेव्हा मेंदूतला गव्हर्नर स्वतःच नॉच वाढवतो, जंतूंशी लढण्यासाठी. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, शरीर मुद्दाम तापमान वर नेत असते. पॅरासिटामॉल ती नॉच खाली आणते. उष्माघातात नॉच होती तिथेच असते, उष्णता आवाक्याबाहेर गेलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अंग ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, की आधी गार करायचे, मग इस्पितळात न्यायचे. अंगावर पाणी, वारा, मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असे धरून चालू नका. राबणाऱ्या माणसाच्या उष्माघातात अंग ओलेचिंब असू शकते.

घामाचे पाणी येते कुठून? रक्तातून. आणि रक्तातल्या पाण्याचा हिशेब मूत्रपिंडांकडे असतो. पाठीमागे, कमरेच्या वर, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे आहेत. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत घेतात. बाहेर पडते ते लिटर-दीड लिटर. एवढा माल रोज तपासून, कामाचा परत पाठवून, नको तो बाहेर काढणारे दुसरे सॉर्टिंग ऑफिस आम्ही पाहिलेले नाही. पाणी कमी पडले की मेंदू एक संप्रेरक पाठवतो, त्याने लघवी घट्ट होते. लघवी गडद पिवळी दिसली की समजावे, कमतरतेचा निरोप पोहोचलेला आहे.

इथे लाजेची गोष्ट उघड बोलायला हवी. आपल्या इंजिनवरच्या साथी, विशेषतः महिला लोको पायलट आणि असिस्टंट, ड्यूटीआधी पाणी पीत नाहीत. का, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. इंजिनात बायो-टॉयलेट बसवायला २०१६ साली सुरुवात झाली, पण ती सोय अजून सर्व इंजिनांपर्यंत पोहोचलेली नाही. बाहेर फिरणाऱ्या पोस्टवूमनचेही तेच, खेड्यातल्या ग्रामीण डाक सेविकेचेही तेच. पाणी न पिता आणि लघवी तुंबवून महिने-वर्षे काढली की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, खडे होतात. मूत्राशय साधारण चारशे-पाचशे मिलिलिटरचे आहे. वेळापत्रक कोणतेही छापा, त्याची क्षमता बदलणार नाही. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, उन्हात ऊस तोडणारे तरुण मजूर मोठ्या संख्येने मूत्रपिंडे निकामी होऊन मेले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. रोजची उष्णता, अतिश्रम आणि पाण्याची तूट यांवर तिथले संशोधक बोट ठेवतात. तिथे कामगारांसाठी पाणी, विश्रांती आणि सावली ही तीन कलमी मोहीम उभी राहिली. उसाच्या फडाशी नाते नाही असा मराठी माणूस विरळा, म्हणून हे सांगितले.

किती प्यावे? उन्हात काम असेल तर तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. तास-दोन तासांत खाणे होणार असेल तर साधे पाणी चालते. जुलाब झाले, किंवा खूप वेळ घाम गळत राहिला, तर मीठ-साखरेचे पाणी. यामागे मोठी कथा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. कारण आतड्यात मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. एकट्या पाण्याला ते जमत नाही. महालनबीस २०२२ साली वारले, मग २०२३ साली पद्मविभूषण मिळाले. घरी करायचे तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. ओआरएसचे नाव लावून विकली जाणारी गोड सरबते ही ती वस्तू नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्या डब्यांवर ते नाव वापरायला बंदी केली. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र हे पाणी रोजचे पेय करू नये.

आता विमानपुऱ्यातल्या त्या फिरत्या यंत्राकडे परत जाऊ. त्यात बसलेल्या माणसाचे रक्त पायांकडे फेकले जाते. वजन चार-पाच पट झाले की डोक्याला रक्त कमी पडते, आधी रंग फिके दिसतात, मग डोळ्यांपुढे अंधार येतो. म्हणून लढाऊ वैमानिकाला पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख देतात. आमच्या सॉर्टरने हे वाचले तेव्हा तो म्हणाला, हे तर आमच्याकडेही होत असे, फक्त सावकाश. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरते. मानेतला मापक लगेच निरोप देतो, हृदय थोडे जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, तोल सावरतो. चालत राहिले तर पोटऱ्यांचे स्नायू पिळून रक्त वर ढकलतात. पण एका जागी तासन्‌तास उभे राहिले की ही मदत थांबते. पाय सुजतात, शिरा फुगून निळ्या गाठी होतात, आणि गरमीत, उपाशीपोटी, रात्री तीनच्या सुमाराला एखादा सॉर्टर खोक्यांच्या रांगेसमोर सरळ खाली कोसळतो. आमचा साथी असाच एकदा कोसळला होता. लोकांनी त्याला उचलून खुर्चीवर बसवले, त्याला पुन्हा भोवळ आली. बसवायचे नसते. आडवे झोपवून पाय थोडे वर करायचे असतात, म्हणजे रक्त डोक्याकडे येते. त्याला कोणी खास पोशाख देणार नव्हते. एक उंच स्टूल आणि तासाला दोन मिनिटे चालण्याची मुभा मिळाली असती तरी पुरे होते.

तीन वाजताची वेळ आम्ही मुद्दाम सांगितली. मेंदूत वीसेक हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर आपले चोवीस तासांचे घड्याळ लावतो आणि बाकीच्या शरीराला वेळ सांगतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, सावधपणाही. त्याच वेळी मालगाडीच्या ड्रायव्हरने सिग्नलमागून सिग्नल पाहत राहावे, असे आपण धरून चालतो. इच्छाशक्तीने झोप पुढे ढकलता येते, घड्याळ ढकलता येत नाही. दिवसा घरी येऊन झोपावे तर उजेड, पोरे, भांडी, दारावरची बेल. शिवाय घड्याळाच्या मते तो दिवसच असतो, म्हणून चार-पाच तासांत जाग येते. रात्री दोन वाजता खाल्लेली भाकरी आणि दुपारी खाल्लेली भाकरी शरीराला सारखी नसते. रात्री इन्शुलिनचे काम मंद चालते, रक्तातली साखर जास्त वेळ वर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात २००७ साली टाकले आणि २०१९ साली तो निर्णय कायम ठेवला. घाबरवायला हे सांगत नाही. टपाल आणि गाड्या रात्री चालणारच. पण सलग रात्री किती आणि दोन ड्यूट्यांमध्ये झोप किती तास, हा प्रश्न सवलतीचा की शरीराचा, हे समजून बोलावे. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंगचे कामगार दहा तासांच्या ड्यूटीसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांच्या हातात हे नोबेलचे संशोधन नव्हते. डोळे मिटत होते, तेवढा पुरावा त्यांना पुरला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या साथीची आहे. तो म्हणतो, 'मला काही होत नाही' हे वाक्य त्याने हजारो वेळा ऐकले, आणि ते म्हणणाऱ्यांच्याच बाटलीत साखर सापडायची. माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना खरोखरच काही होत नव्हते. याचे कारण शरीराच्या सावरण्यातच आहे. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की मानेतला मापक त्यालाच बरोबर आकडा मानू लागतो. मग गव्हर्नर चुकीचा आकडा राखण्यासाठी झटतो, आणि माणसाला ठणठणीत वाटते. मूत्रपिंडांचे निम्म्याहून अधिक काम गेले तरी उरलेली जास्त राबून बाजू सांभाळतात. स्वादुपिंड वर्षानुवर्षे जादा इन्शुलिन ओतून साखर आवरते, आणि थकले की मग एकदम आकडा वर जातो. गँगमध्ये दोन माणसे कमी असताना बाकीचे जादा ओढतात आणि वरच्या कागदावर 'काम पूर्ण' असे लागते, तसेच हे आहे. कागद बघून कोणाला कळणार की माणसे कमी आहेत? कळते ते एखादा आडवा होतो तेव्हा. म्हणून चाळिशीनंतर, आणि रात्रपाळी असेल तर त्याआधीही, वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लघवी तपासून घ्यावी. बरे वाटत असतानाच.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले, ते काहींच्या संग्रहात असेल. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार मिळायला १८९० उजाडले. तेव्हा समस्थिती हा शब्द जन्मालाही आला नव्हता. पण दुपारी अर्धा तास बसल्यावर माणसाच्या शरीरात काय होते ते आता आपल्याला मोजून सांगता येते. हृदयाचे ठोके खाली येतात, कातडी थंड होते, पाणी आतड्यातून रक्तात जाते. पुढच्या वेळी निवेदन लिहिताना 'विश्रांती द्यावी' एवढेच न लिहिता हे आकडे खाली जोडा. पाण्याचा कॅन किती माणसांमागे किती लिटर, सावली किती अंतरावर, रजेवरून आलेल्याला पहिले तीन दिवस काय काम, शौचालय कुठे, सलग रात्री किती. गोल गोल मागणीला गोल गोल उत्तर येते, हा आमचा अनुभव आहे.

बाहेर टेबलावर आमचा प्रयोगशाळेतला साथी रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसणार आहे. चहाही तिथेच ठेवलेला आहे. पण चहा आणि तंबाखू दोन्ही आधी घेऊ नका, त्याने आकडा चढतो. लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा, दंड छातीच्या पातळीत ठेवा. आकडा वहीत नाही, तुमच्या स्वतःच्या कागदावर लिहून दिला जाईल. रात्रपाळीवरून थेट आलेल्यांनी रांगेत पुढे यावे, त्यांना लवकर सोडू.